नऊ हजार

पत्र आलं तेव्हा मी बॅटऱ्या चार्जिंगला लावत होते.
आधी आभार, मग अभिमान, वगैरे,
आणि मधेच, जिन्यात एक पायरी कमी निघावी तसं:
नवी लेन्स नाही. नवी बॉडी नाही.
दुरुस्ती सात वर्षं, सुटे भाग असतील तोवर.

माझा कॅमेरा टेबलावर होता, हिरवा दिवा लुकलुकत.
तो बंद पडला नव्हता.
बंद केला होता, दूर कुठेतरी, एका बैठकीत,
कपातला चहा निवायच्या आत.

इथे त्रिएस्तेत डोंगरावरून जो वारा उतरतो
त्याला बोरा म्हणतात.
चढाच्या गल्ल्यांत पूर्वी दोर बांधायचे,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
एकवीस वर्षं मी त्या वाऱ्याचे फोटो काढते.
वारा दिसत नाही,
दिसतात टोपीमागे धावणारे वकील,
दारात अडकलेली चेलो वाजवणारी बाई,
चेलोसकट.
एका हातानं खांब धरायचा, एका हातानं कॅमेरा.
म्हणून तर हा, मुठीएवढा.

फुल्वियोनं आठवड्यात सगळं विकून टाकलं.
सात वर्षांनी रडण्यापेक्षा आज रडलेलं बरं, म्हणाला,
आणि रडला नाही.
नवा कॅमेरा पाण्यानं भरलेल्या बादलीसारखा.
त्याला दोन हात लागतात.
वारा सुटला की फुल्वियो आता घरी बसतो.

दार्कोचं उलट.
तो बाजारातून मेलेल्या बॉड्या वेचून आणतो,
बुटांच्या खोक्यांत ठेवतो,
वर पेन्सिलीनं लिहितो:
‘सेन्सर चांगला, पाठ फुटलेली.’
‘फक्त स्क्रूंसाठी.’
एका खोक्यावर नुसतंच: ‘बिचारा.’
मिरेला विचारते,
ह्या घरात राहतात किती आणि पुरलेत किती?

मी मोजायला लागले.
शटरचं आयुष्य दीड लाख, असं माहितीपत्रकात.
झाले होते एक लाख एकेचाळीस हजार.
उरले नऊ.
साखर महागल्यावर आईनं चमचा बदलला होता,
तसा मी डोळा बदलला.

जानेवारीत, कालव्याच्या पुलावर,
एक म्हातारा वाऱ्याला टेकून उभा होता.
खरंच टेकून, भिंतीला टेकावं तसा,
आणि नासपती खात होता, सावकाश.
बोट बटणावर होतं.
म्हटलं, याहून चांगलं काहीतरी येईल.
वारा थांबला.
तो पडला नाही, फक्त सरळ झाला,
देठ खिशात टाकला आणि गेला.

तो एक फोटो माझ्याकडे शिल्लक आहे.
त्याचं काय करायचं असतं?

फेब्रुवारीत एक लेन्स विकायला काढली, दोन होत्या.
घ्यायला इलेनिया आली, अठरा-एकोणीसची,
बेकरीत कामाला, नखांत पीठ.
गळ्यात फुल्वियोचीच जुनी बॉडी,
पट्ट्यावर त्याचं नाव अजून तसंच.
मी प्रामाणिकपणे सांगितलं:
ही सगळी जातच बंद झाली, बाळ. यापुढे काही येणार नाही.
तिनं लेन्स फिरवून बसवली. खट्.
‘चालू आहे की!’
आणि सुटलीच:
माझ्या सपाता, सिंकमधला काटा,
खिडकीच्या गजाला गुंडाळलेली वायर,
‘अगं, जपून’ म्हणतानाचं माझं तोंड.
चाळीस? साठ?
कुणाचे मोजत होते मी?

रात्री तिनं फोटो पाठवला.
मी आहे, तोंड उघडं, हात पुढे केलेला,
थांबवायला की धरायला, मलाही सांगता येत नाही.
थोडा हललाय.

उद्या बोरा येणार म्हणतात, मोठा.
बॅटऱ्या भरल्यात.
दार्कोला फोन केला, माझ्यासाठी एक खोकं रिकामं ठेव.
वर काय लिहू, त्यानं विचारलं.
म्हटलं, पेन्सिल ठेव खाली.
अजून हातात आहे.